पाच मुलं, एक चूल: घरच्या वस्तूंवर आणि कमी खर्चात मुलं वाढवताना

गुहागर तालुक्यात, समुद्रापासून पायी वीसेक मिनिटांवर आमचं घर आहे. चिऱ्याच्या भिंती, कौलारू छप्पर, पुढे पडवी, मागे नारळ-सुपारीची वाडी. या घरात नऊ वर्षांच्या आतली पाच मुलं आहेत, तीन माझी आणि दोन जाऊबाईंची. भावोजी मुंबईला नोकरीला असतात. आमचे हे इलेक्ट्रिक फिटिंगची कामं करतात आणि वाडी बघतात. पैसा मोजूनच येतो, आणि पाच मुलांमागे तो किती वाटेनं जाऊ शकतो हे ज्यांच्या घरात दोन मुलं आहेत त्यांनाही कळेल.

नव्यानं आई झालेल्या मैत्रिणी मला विचारतात तेव्हा मी जे सांगते तेच इथे लिहिते. त्या महिन्यात परसात, वाडीत आणि समुद्रात जे मिळतं ते आधी वापरायचं, विकतचं नंतर. आणि मुलाच्या जिवाशी गाठ आहे तिथे काटकसरही नको आणि घरगुती उपायही नकोत. आजेसासूबाईंकडून आलेल्या बऱ्याच गोष्टी आम्ही तशाच ठेवल्या, काही विचार करून सोडल्या. सोडल्या त्याही सांगते, कारण ‘नैसर्गिक’ म्हणून सगळंच चालतं असं मानणाऱ्यांपैकी मी नाही.

लंगोट

सगळ्यात जास्त पैसे वाचतात ते इथे. विकतचा डायपर दहा रुपयांच्या आसपास पडतो. तान्हं बाळ दिवसातून दहा-बारा वेळा ओलं करतं, त्यावरून हिशेब तुम्हीच करा.

लंगोटासाठी जुनं, धुऊन धुऊन मऊ पडलेलं सुती लुगडं सगळ्यात चांगलं. नऊवारी लुगड्याचे सव्वा हाताचे चौकोन कापले तर फाटका भाग टाकूनही पंचवीसेक निघतात. पाचवारी सुती साडीचे पंधरा-सोळा. नव्या कापडाला खळ असते, ते पाणी शोषत नाही आणि बाळाच्या जांघेत घासतं. घ्यावंच लागलं तर निदान चार-पाच वेळा गरम पाण्यातून काढल्याशिवाय वापरू नका.

आता मुख्य गोष्ट. लंगोट जाड शिवू नका. बाजारात चार-सहा पदरांचे शिवलेले कापडी लंगोट मिळतात, दिसायला छान असतात, पण ते घाटावरच्या कोरड्या हवेत चालतील. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. जुलैत जाड शिवलेला लंगोट दोन दिवस दमट राहतो आणि मग त्याला कुबट वास येतो. एकपदरी चौकोन घ्या, घडी घालून त्रिकोण करा, हवा तिथे जाडीसाठी अजून एक पट्टी आत ठेवा. धुतल्यावर घडी सुटते आणि कापड एकपदरी वाळतं. पडवीत वारा असेल तर चार तासांत.

धुण्याची पद्धत साधी आहे. शूचे लंगोट झाकणाच्या बादलीत साध्या पाण्यात टाकायचे. शीचे आधी संडासात झटकून, वाहत्या पाण्याखाली घासून, मग वेगळ्या बादलीत. दिवसातून एकदा सगळे रिठ्याच्या पाण्यात किंवा साध्या साबणानं धुवायचे. सात-आठ रिठे फोडून, बिया काढून रात्री भिजत घातले की सकाळी एका बादलीचं काम होतं. कपड्यांना वास लावणारं, मऊ करणारं जे द्रव मिळतं ते लंगोटाला कधीही लावू नका. त्याचा थर बसतो आणि कापड शोषायचं बंद होतं. ऊन असेल त्या दिवशी लंगोट उन्हातच. शीचे पिवळे डाग दोन उन्हांत आपोआप जातात, घासायची गरज नाही.

पावसाळ्यात आमच्या पडवीत आढ्याला बांबू टांगलेले असतात, त्याच आमच्या वलणी. रात्री न्हाणीतल्या चुलीवर पाणी तापवून झालं, जाळ विझून नुसते निखारे राहिले, की वरच्या दांडीवर ओलसर लंगोट पसरायचे. धूर असताना टाकू नका, कापडाला धूर धरतो. पूर्वी बाळाला ओवा-वावडिंगाची धुरी देत आणि त्यावरच कपडे धरत. ती धुरी आम्ही बंद केली. बंद खोलीतला धूर तान्ह्याच्या फुप्फुसांना वाईट, मग तो ओव्याचा असो की लाकडाचा.

जांघ लाल झाली तर लंगोट काढून तासभर मोकळं ठेवणं हा पहिला उपाय. दुसरा कोकमतेल. कोकमाच्या बियांचं ते घट्ट, पांढरट तेल बाजारात गोळ्याच्या रूपात मिळतं, स्वस्तही असतं. तळहातावर घासलं की अंगाच्या उबेनं वितळतं. पातळ थर लावायचा. दोन-तीन दिवसांत उतार पडला नाही, किंवा लाल चट्ट्याच्या कडेला बारीक पुरळ दिसलं, तर ती बुरशी असू शकते, तिला डॉक्टरांचं मलम लागतं.

आणि लंगोट कमीत कमी भरावेत यासाठी पायावर बसवणं. बाळ मान धरू लागलं की आपण पाटावर बसून दोन्ही पावलं जवळ घ्यायची, त्यांवर बाळाला बसवायचं, पाठ आपल्या नडगीला टेकवायची. झोपेतून उठल्याबरोबर आणि दूध पिऊन झाल्यावर. तोंडानं ‘शू शू’ करायचं. जबरदस्ती नाही, दोन मिनिटांत काही झालं नाही तर उचलायचं. आमच्याकडची सगळी मुलं अशीच शिकली. बाळाच्या वेळा एकदा आपल्याला कळल्या की दिवसाचे निम्मे लंगोट कोरडेच राहतात.

एसटीनं चिपळूणला जाताना मी विकतचा डायपर लावते. त्यात काही कमीपणा नाही.

पहिले सहा महिने: फक्त अंगावरचं दूध

हे फुकट आहे, ताजं आहे, आणि याच्या तोडीचं काही नाही. सहा महिने पूर्ण होईपर्यंत पाणीसुद्धा द्यायचं नाही, मे महिन्याच्या उकाड्यातही नाही. दुधातच पाणी असतं.

गुटी आम्ही सोडली. सहाण अजून माजघरात आहे, पण त्यावर मुरडशेंग, वेखंड, जायफळ उगाळून तान्ह्याला चाटवत नाही. सहाण, ते पाणी, आपले हात, यांतलं काही पूर्ण स्वच्छ राहत नाही आणि जुलाब तिथून सुरू होतात. जायफळ जास्त झालं तर बाळाला गुंगी येते. मध तर वर्षाच्या आत अजिबात नको, कितीही शुद्ध आणि जंगलचा असला तरी. मधात एका जिवाणूचे बीजाणू असू शकतात, ते तान्ह्याच्या आतड्यात वाढून विष तयार करतात आणि बाळाचे स्नायू लुळे पडतात. मोठ्या माणसाला त्याच मधानं काही होत नाही, म्हणून घरातल्यांना हे पटवायला वेळ लागतो. मी आमच्या सासूबाईंना आरोग्य केंद्रातल्या सिस्टरांकडूनच सांगवलं. बाहेरच्या माणसाचं ऐकलं जातं. काजळही डोळ्यांत घालत नाही. दृष्टीसाठी हवी तर कानामागे तीट लावा.

दूध टिकवायचं तर आईला खायला हवं, ही गोष्ट मात्र काटकसरीत सगळ्यात आधी विसरली जाते. बाळंतिणीला आटवल, तूप, कुळथाची पिठी, अळिवाची खीर, शेवग्याच्या पाल्याची भाजी, मासे. दिवसाला तीन वेळा नीट जेवण, मधे दोनदा काहीतरी. घरातल्या बायका शेवटी उरलेलं खातात ना, त्यात दूध पाजणारी बाई नसावी.

सातव्या महिन्यापासून: एकच स्वयंपाक

पाच मुलांसाठी पाच प्रकार करायला गेलात तर दिवस चुलीपाशीच संपेल. आमच्याकडे एकच स्वयंपाक होतो. फोडणी, तिखट आणि मीठ पडायच्या आधी लहानांचा वाटा बाजूला काढायचा. डाळ शिजली की वाटीभर काढली, मऊभातात कालवली, वर तूप. मासा असेल तर दोन तुकड्या नुसत्या हळद लावून वाफवल्या. वर्षाच्या आतल्या बाळाला मीठ-साखर लागत नाही. त्याला चव माहीत नसते, चव आपल्याला हवी असते.

बाळाचं खाणं किती दाट हवं? चमचा तिरका केला तरी पटकन घरंगळणार नाही इतकं. पातळ पेजेनं पोट भरतं, वजन वाढत नाही. अंगणवाडीत वजन घेताना ज्या बाळांची तक्त्यावरची वजनाची रेघ आडवी पडते त्यांच्या घरी बहुतेकदा पातळ पेज चालू असते.

नाचणीसाठी मी एक काम मन लावून करते आणि तुम्हीही करावं. बरेच जण नाचणीचं सत्त्व काढतात, म्हणजे भिजवून, वाटून, गाळून, तळाशी बसलेलं वाळवून. ते पचायला हलकं असतं, पण गाळताना कोंड्याबरोबर बरंच लोह आणि कॅल्शियम फेकलं जातं. नाचणीत १०० ग्रॅममागे ३४० मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं, ते कपड्यात टाकून देण्यात अर्थ नाही. सहा-सात महिन्यांच्या बाळाला सुरुवातीचे पंधरा दिवस सत्त्व ठीक, पुढे मोड आणलेल्या नाचणीचं पीठ.

ते असं करायचं. किलोभर नाचणी तीन-चार पाण्यांनी धुवा, खडे खाली बसतात, वरून काढून घ्या. दहा-बारा तास भिजवा. पाणी निथळून ओल्या सुती फडक्यात बांधून टोपलीत ठेवा. मेमध्ये एका दिवसात मोड येतात, थंडीत दोन दिवस लागतात, मधे फडक्यावर पाणी शिंपडत राहा. बारीक पांढरा मोड दिसला की सुपात पसरून उन्हात कडकडीत वाळवा. हातानं चोळून मोड झटका, मंद आचेवर खरपूस वास येईपर्यंत भाजा, दळून आणा. गिरणीत आपल्या आधी मिरची किंवा मसाला दळला नाही ना, एवढं विचारा. मोड आलेल्या नाचणीच्या पिठाची खीर कमी चिकट होते, म्हणून तेवढ्याच वाटीत जास्त पीठ घालता येतं आणि लहान पोटात जास्त ताकद जाते. दोन चमचे पीठ थंड पाण्यात कालवून सात-आठ मिनिटं शिजवायचं, अर्धा चमचा तूप. वर्षानंतर गूळ. मोठ्यांसाठी याच पिठाची भाकरी, आंबील, घावन.

हे पीठ आम्ही आगोटीच्या, म्हणजे पावसाआधीच्या साठवणीच्या कामांत मे महिन्यात भरपूर करून ठेवतो, कारण जूननंतर वाळवायला ऊन नाही. आगोटीत मुलांसाठी अजून काय करून ठेवावं: कुळीथ भाजून दळलेलं पीठ, मेतकूट, कोकमं, आंब्याची आणि फणसाची साठं, फणसाच्या आठळ्या मातीत पुरून. पावसात संध्याकाळी शाळेतून भिजून आलेल्या मुलांना उकडलेल्या आठळ्या मीठ लावून दिल्या की दुकानाच्या पुडीची आठवण येत नाही.

मासे. पैसे कमी असणाऱ्या घराला समुद्रानं दिलेलं हे सगळ्यात मोठं देणं आहे आणि आपण त्यात सुरमई-पापलेटाच्या मागे लागतो. असगोलीच्या कोळिणी दारावर येतात, त्यांच्या पाटीत तारली असली की मी तीच घेते. तारली आणि बांगडा स्वस्त असतात आणि मुलांच्या मेंदूला लागणारी चरबी त्यांच्यात महाग माशापेक्षा कमी नसते, उलट जास्तच. तान्ह्या-रांगत्या मुलांना मुडदुशा द्यावा, त्याचं मांस मऊ आणि काटा सहज सुटतो. काटे काढताना मांस ताटलीत बोटांनी दाबून बघायचं, डोळ्यांवर विसंबायचं नाही. कर्ली कितीही चवदार असली तरी लहान मुलांना नाही, तिचे काटे संपत नाहीत. मोरी, म्हणजे शार्क मासा, बाळंतिणीला दूध यावं म्हणून देतात. मी ती टाळते, कारण मोठ्या शिकारी माशांच्या अंगात पारा साठतो आणि तो बाळापर्यंत पोचतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्या बंद असतात. तेव्हा सुकट, सोडे, सुके बोंबील. ते दोन-तीन वेळा गरम पाण्यातून काढून खारटपणा घालवायचा, आणि वर्षाच्या आतल्यांना तेही नको. त्या दोन महिन्यांत अंडी आणि कुळीथ जास्त.

पहिल्या पावसानंतर टाकळा, भारंगी, कुर्डू, फोडशी उगवते. कोवळा टाकळा डाळीत घालून मुलं मुकाट्यानं खातात. पालेभाजीवर लिंबू पिळा, लोह अंगी लागतं. जेवणाबरोबर चहा देऊ नका, तो ते लोह अडवतो. मुलांना चहा देऊच नका खरं तर. चहा-बिस्किटावर वाढलेल्या मुलाला जेवायला भूक उरत नाही, आणि रोजच्या पाच मुलांच्या पाच पुड्यांचे पैसे वर्षाला बाजूला काढले तर त्यात दोन पिल्लांसह कोंबडी आणि वर्षभराचं तूप येतं.

दोन धोके आमच्या परसातलेच आहेत. काजूच्या ओल्या बीचा डीक कातडी भाजून काढतो. बिया गोळा करणारी मुलं हात न धुता डोळे चोळतात. त्यांना आधी हाताला खोबरेल चोळायला आणि नंतर राखेनं-साबणानं धुवायला शिकवा. दुसरं म्हणजे शेंगदाणा, काजू, चिंचोका, सुपारीचं खांड. चार वर्षांच्या आतल्या मुलाच्या श्वासनलिकेत हे अडकतं. आमच्याकडे सुपारी सोलायचं काम लहानं जागी असताना खाली बसून होत नाही.

तेल आणि अंघोळ

खोबरेल घाण्यावरून काढून आणा. किलोभर चांगल्या वाळलेल्या खोबऱ्याचं सहाशे ग्रॅमच्या आसपास तेल निघतं, पेंड गुरांना. थोडंच लागत असेल तर आवेल काढा. ओला नारळ खवून, वाटून, पिळून दूध काढायचं आणि जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर कढवायचं. पाणी आटतं, चोथा तांबूस होतो, तेल वर येतं. आवेल बाळाच्या अंगाला लावल्यावर जो वास येतो तो मला सगळ्या वासांत आवडतो.

तेल अंगाला, टाळूला हलक्या हातानं. नाकात, कानात, बेंबीत तेल सोडू नका. नाकातलं तेल फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होतो. हात-पाय ओढणं, बाळाला पाय धरून उलटं करणं, नाक दाबून वर काढणं, छाती पिळणं, हे सगळं बंद. चोळणारी बाई कितीही अनुभवी असली तरी तिला हे आधी सांगा आणि जवळ बसा.

पाच जणांच्या अंघोळी एकाच हंड्यावर होतात. क्रम लहानापासून मोठ्यापर्यंत, म्हणजे पाणी सोसवेल इतकं निवत जातं आणि मोठी मुलं आपली आपण उरकतात. बादलीत आधी गार पाणी, मग गरम. हे उलटं करू नका. गरम पाणी ओतून गार आणायला वळलो तेवढ्यात रांगतं मूल बादलीला धरून उभं राहतं.

कपडे आणि खेळ

कपड्यांसाठी वयाप्रमाणे बोचकी बांधा आणि प्रत्येकावर कापडाची चिठ्ठी शिवा. मूल वाढलं की एक बोचकं वर जातं, एक खाली येतं. मुलीचं-मुलाचं असा भेद करू नका, झबलं ते झबलं. पेटीत कडुनिंबाचा पाला आणि वेखंडाचे तुकडे घाला. डांबराच्या गोळ्या तान्ह्यांच्या कपड्यांत नकोत. काही बाळांच्या रक्तात जन्मतः एक कमतरता असते आणि त्या गोळ्यांच्या वासानं त्यांच्या तांबड्या पेशी फुटून कावीळ होते.

खेळण्यांवर आम्ही फार खर्च केलेला नाही. करवंट्या, नारळाच्या झावळीच्या थोट्याची बॅट, सुपारीच्या विरीवर (गळून पडलेल्या झावळीच्या रुंद बुडख्यावर) एकाला बसवून दुसऱ्यानं खळ्यात ओढत नेणं, सागरगोटे, वाळूत खेकड्यांची बिळं. विकत घेतलं ते सावंतवाडीचं लाकडी खेळणं, जत्रेत नाही, तिथल्या चितारआळीत जाऊन. ते तीन मुलांच्या हातून गेलं आणि अजून धड आहे.

थोरलीबद्दल

मुलं जास्त असलेल्या घरात धाकटं थोरलीच्या कडेवर जातं, हे मी सगळीकडे बघते. माझ्या मनाला हे फार लागतं. आठ-नऊ वर्षांच्या मुलीनं धाकट्याला खेळवावं, पाणी द्यावं, हाक मारून बोलवावं, ते चांगलंच. पण ते तिचं काम होऊ नये. शाळा बुडवून मूल सांभाळणं, विहिरीवर किंवा समुद्रावर धाकट्यांची जबाबदारी, रात्री उठणं, यांतलं काही तिच्यावर नाही. आमच्याकडे कामं मुलगा-मुलगी न बघता वाटलेली आहेत: पाच वर्षांचा ताटं मांडतो, सात वर्षांचा कोंबड्या कोंडतो, थोरली लंगोटांच्या घड्या घालते. आणि दिवेलागणीनंतर अर्धा तास ती माझ्याजवळ एकटी बसते. धाकट्यांना तेव्हा जाऊबाई घेतात. जाऊबाईंच्या मोठ्यासाठी दुसऱ्या दिवशी मी हेच करते. मुलं जास्त असली की पैशापेक्षा आईच कमी पडते, आणि तिची वाटणीसुद्धा ठरवून करावी लागते.

दवाखाना: इथे हात आखडायचा नाही

लसी आरोग्य केंद्रात आणि उपकेंद्रात फुकट मिळतात. जन्मल्यावर बीसीजी, पोलिओ, कावीळ-बी. मग दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना. नवव्या महिन्यात गोवर-रुबेला. दीड वर्षाच्या आसपास दुसरा डोस आणि बूस्टर. नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी अ जीवनसत्त्व. जंताची गोळी फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये अंगणवाडीत-शाळेत देतात, ती चुकवू नका, आपली मुलं अनवाणी फिरतात. पाच मुलांच्या तारखा लक्षात राहत नाहीत. सगळी कार्डं एका प्लास्टिकच्या पिशवीत दाराच्या खिळ्याला लावा आणि आशाताईंना आठवण करायला सांगा. मी लसींबाबत कुणाचंही दुमत ऐकून घेत नाही.

जुलाब लागले तर पहिल्या पातळ शीपासूनच ओआरएस. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, छोट्या चमच्यानं मोजून. मीठ जास्त झालं तर घातक, अंदाजानं टाकू नका. मीठ घातलेली भाताची पेजही चालते. नुसतं शहाळ्याचं पाणी पुरत नाही, त्यात सोडियम कमी असतं. आरोग्य केंद्रातून झिंकच्या गोळ्या आणा आणि जुलाब थांबले तरी १४ दिवस द्या. अंगावरचं दूध चालूच ठेवायचं. डोळे खोल गेले, मूल सुस्त पडलं, शीमध्ये रक्त दिसलं की निघा.

दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला कुठलाही ताप, दूध ओढत नाही, छाती आत ओढत श्वास घेतं, यांतलं एक जरी दिसलं तर काढा-लेप करत बसू नका. पावसाळ्यात मोठ्या मुलाला ताप आला आणि ते खाचराच्या चिखलात खेळलेलं असेल, तर डॉक्टरांना ते आपणहून सांगा. लेप्टो, म्हणजे उंदरांच्या मुतातून चिखल-पाण्यात पसरणारा ताप, वेळेवर ओळखला तर साध्या औषधानं बरा होतो.

विंचू. कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशानं मूल दगावू शकतं, आणि त्या विषापासून हृदय सांभाळण्याचा उपाय आपल्याच भागात, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी शोधला. रक्तदाबासाठी असलेलं प्राझोसिन त्यांनी विंचूदंशावर वापरलं, त्यानं मरणारी मुलं वाचू लागली. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तरी अजून गावागावात विंचू उतरवणाऱ्याकडे मूल नेतात. घाम सुटला, हात-पाय गार पडले, उलट्या झाल्या, छाती धडधडायला लागली, तर विष हृदयावर गेलेलं असतं आणि प्रत्येक मिनिट मोलाचं असतं. कुठे कळ कमी आहे म्हणून थांबू नका, मूल लहान असेल तर सरळ केंद्र गाठा.

साप चावला तर मुलाला चालवू नका, उचलून न्या. चावलेला हात-पाय फळीला बांधावा तसा हलू न देता ठेवा. कापणं, चोखणं, आवळून दोरी बांधणं, पाला लावणं, काही नाही. फुरसं बोटभर असलं तरी विषारी आहे, ‘लहान होतं’ म्हणून घरी बसू नका. प्रतिविष सरकारी केंद्रात मिळतं. १०८ ला फोन करा, आणि रुग्णवाहिका येईपर्यंत वेळ लागणार असं दिसलं तर मिळेल त्या गाडीनं निघा.

त्याआधी करायची कामं: घराजवळचा दगडांचा गडगा आणि वाळक्या पानांचा पातेरा मे महिन्यात साफ, लाकडं घरापासून लांब रचलेली, मुलं जमिनीवर झोपत असतील तर मच्छरदाणी गादीखाली नीट खोचलेली. बूट, दप्तर, वलणीवरून काढलेले कपडे झटकूनच घालायचे, हे तीन वर्षांच्या मुलालाही शिकवता येतं. विहिरीवर लोखंडी जाळी. रात्री न्हाणीत जाताना बॅटरी.

आमच्याकडे दाराच्या आतल्या बाजूला खडूनं चार नंबर लिहिलेले आहेत: १०८, आरोग्य केंद्र, आशाताई आणि रात्री कधीही गाडी काढणारा वाडीतला रिक्षावाला. पावसाळ्यात मोबाइलची रेंज जाते. रेंज कुठल्या कोपऱ्यात मिळते ते घरातल्या मोठ्यांना आणि थोरल्या दोन मुलांना माहीत आहे. रिक्षावाल्याचं घर त्यांना अंधारातही दाखवता येतं.